नबीलाल मास्तरांची दुसरी ओळ

सोलापुरात लग्न ठरलं की आधी मंगल कार्यालय बघतात, मग आचारी बघतात, आणि मग घरातलं एखादं जुनं माणूस हमखास म्हणतं, "बँड नबीलालचा सांगा बाबा, नाहीतर मुहूर्त गेलाच म्हणून समजा."

बँडचा आणि मुहूर्ताचा काय संबंध, असं परगावचा माणूस विचारील. त्यानं एकदा आमच्याकडचा परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, बघावा. नवरदेव मारुतीला नारळ फोडून घोड्यावर बसतो. मांडव समोर दिसत असतो, आचाऱ्याच्या भातावरची वाफसुद्धा दिसत असते, आणि तेवढी वाट चालायला मिरवणुकीला अर्धी दुपार लागते. मित्र नाचतात, मामा नाचतो. एरवी कुणाशी धड न बोलणारा चुलता रुमाल दातात धरून जमिनीवर लोळतो. तिकडे भटजी घसा कोरडा करतात, नवरीचा बाप घड्याळाकडे बघून घामाघूम होतो, आणि घोडं बिचारं आहे तिथंच शेपटी हलवत उभं. अशा जत्रेला कुणाचं मन न मोडता मांडवात नेऊन सोडायचं म्हणजे खायचं काम नव्हे. ते नबीलाल मास्तरांना जमायचं, आणि तेही नुसत्या क्लॅरिनेटवर.

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या बँडची खोली. लाल कोट खुंटीला, ढोल कोपऱ्यात, आणि दारात मास्तर स्टुलावर, पान लावत. अंगानं काटकुळे, मिशी मेंदीची, आवाज इतका बारीक की समोरच्यानं वाकून ऐकावं. सगळा जोर त्यांनी फुंकण्यासाठी राखून ठेवला होता, असं त्यांची बायको अनवरी म्हणायची. सिनेमातली गाणी मास्तर वाजवायचे, न वाजवून सांगतात कुणाला! पण त्यांचा जीव होता तो स्वतः बांधलेल्या चालींत. प्रत्येक चालीला दोनच ओळी. पहिली ओळ गोल फिरणारी, पुन्हा पुन्हा तीच, माणसाला जागेवर धरून ठेवणारी. दुसरी तिच्या उलट, वर चढणारी, पाय उचलायला लावणारी. पहिलीवर लोक नाचायचे आणि दुसरीवर, आपल्याला कुणी ढकललंय हे न कळता, पुढं सरकायचे.

ही विद्या मास्तर आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. सपाटून मार खाऊन शिकले होते, म्हणजे तोंडाचा मार.

तरुणपणी त्यांनी पहिली चाल बांधली ती एकाच ओळीची. पण ओळ अशी गोड, की वाजवता वाजवता स्वतःच तिच्यावर भाळले. अक्कलकोटकडच्या एका लग्नात त्यांनी ती काढली आणि परण्या चौकात जो अडकला तो अडकलाच. लोक नाचतायत, मास्तर डोळे मिटून तीच ओळ घोळवतायत, ढोलावर रावजी तोच ठेका धरून बसलाय. मुहूर्त आला, थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. तेव्हा मांडवातून नवरीची आजी बाहेर आली. चन्नम्मा तिचं नाव. इरकल लुगडं, कपाळाला विभूती, आणि मुठीत अक्षता तशाच. म्हातारी सरळ गर्दीत घुसली आणि मास्तरांच्या क्लॅरिनेटच्या तोंडावर हात ठेवून ओरडली, "साकु! साकु!" कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे.

मास्तरांनी डोळे उघडले.

"काय रे ए मास्तर," चन्नम्मा म्हणाली, "घोडा का अडला?"

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांतून काढलं.

"पान का सडलं? भाकरी का करपली?"

आता हे कोडं आपल्याकडं शेंबड्या पोरालाही येतं. मास्तर खाली मान घालून पुटपुटले, "फिरवलं नाही म्हणून."

"मग उलटव की तुझी भाकरी! एकाच बाजूनं किती भाजतोस, मेल्या!" आणि म्हातारीनं तव्यावरची भाकरी उलटावी तसा हवेत हाताचा तळवा पालथा केला.

मास्तरांची पाचावर धारण बसली. बोटं पडतील त्या भोकांवर ठेवून त्यांनी काहीतरी वरचं, आडवंतिडवं फुंकलं. रावजीनं घाबरून ठेका बदलला. आणि काय सांगावं, घोडं हललं! नाचणारेही हलले. चन्नम्मा पुढं, परण्या मागं, अशी वरात मांडवात शिरली. गुरुजींनी दुसरा मुहूर्त काढला. जेवणात चन्नम्मानं मास्तरांच्या ताटात स्वतःच्या हातची कडक भाकरी आणि शेंगा चटणी वाढली.

झालं, मास्तरांना वाटलं आपल्याला गुरुमंत्र मिळाला. त्या हंगामात त्यांनी उलटवायचा असा सपाटा लावला की विचारू नका. एक ओळ वाजली न वाजली की दुसरी, दुसरी कानात शिरायच्या आत तिसरी. लोक हात वर करून उभे राहायचे आणि नाचावं कशावर ते न कळून हात खाली घ्यायचे. शेवटी रावजीच एकदा ढोल उतरवून म्हणाला, "मास्तर, वाईच दम खावा की. पाव्हण्यास्नी वळख तरी पटू द्या वळीची. आन दुसरी वाजवून झाली की पयल्या वळीवर परत येत जावा. न्हायतर माणूस यष्टी चुकल्यागत उभं ऱ्हातंय."

रावजी मूळचा करकंबचा, शेतकऱ्याचा पोर. सूर-ताल कुणाकडं शिकला नव्हता, पण लोकांचे पाय बघून वाजवायचा. मास्तरांनी त्याचं ऐकलं. पहिली ओळ लोकांच्या तोंडी बसेपर्यंत फिरवायची, मग पालटायची, आणि पुन्हा पहिलीच्या दारात आणून सोडायची. चन्नम्माचा तो पालथा तळवा बँडची खूण झाला. मास्तर डावा हात क्लॅरिनेटवरून काढून हवेत पालथा करायचे, की सगळ्या बँडनं भाकरी उलटायची. पाठवणीच्या वेळी तर ही खूण बघायला ड्रायव्हरसुद्धा काचेतून मान बाहेर काढून बसायचे. नबीलालच्या बँडची रीतच होती तशी. पहिली ओळ चालू असेतो आई-मुलीनं हवं तेवढं रडून घ्यायचं, कुणी घाई करायची नाही. दुसरी उठली की गाडीचं चाक फिरलं पाहिजे.

ही खूण सगळ्यात आधी पाठ झाली गुलनाजला. मास्तरांना ती उशिरा झालेली, एकुलती एक, नवसासायासाची. अनवरीचा डोळा चुकवून ती बापाबरोबर वरातीला जायची आणि दिव्यांच्या हातगाडीवर बसून राहायची. एकदा बाळीवेशीतल्या वरातीत तिनं गाडीवरूनच आपला चिमुकला तळवा पालथा केला. रावजीनं गंमत म्हणून ठेका पालटला, त्याच्यामागं बँड पालटला, आणि मास्तर एकटे जुन्या ओळीवर तोंडघशी पडले. लोक हसले. मास्तर मात्र तापले. घरी येऊन लेकीला म्हणाले, "खूण मास्तरानंच द्यायची असते, समजलं? पुन्हा असं केलंस तर घरी ठेवीन." गुलनाजनं कान धरले. पण रावजीला तिनं डोळा मारलेला मास्तरांनी पाहिलाच होता.

पोरगी शिकली, औषधशास्त्राची पदविका घेतली, सात रस्त्यावरच एका मेडिकलमध्ये उभी राहायला लागली. आणि बघता बघता माढ्याचं स्थळ आलं. फरहान नाव, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, माणसं सालस. नकार द्यायला काही जागाच नव्हती. मास्तरांनी शोधली, सापडली नाही.

लग्न ठरल्यावर पहिलं भांडण झालं ते नवरा-बायकोचं.

"तुम्ही वाजवायचं नाही," अनवरी म्हणाली. "मुलीच्या बापानं बापासारखं दारात उभं राहायचं. पाहुणे काय म्हणतील, लाल कोट घालून व्याही आला?"

"अख्ख्या सोलापूरच्या लेकी मी वाजवून सासरी धाडल्या," मास्तर म्हणाले, "आणि माझीला दुसऱ्याच्या बँडनं धाडू? तोबा, तोबा!"

शेवटी तोडगा निघाला. निकाहाला मास्तर शेरवानीत बाप म्हणून बसतील. रुखसतीच्या वेळी, म्हणजे पाठवणीला, क्लॅरिनेट हातात घेतील. पण एकच चाल. एक म्हणजे एक.

एकच चाल, तर ती नवी पाहिजे, जगात कुणासाठी वाजली नाही अशी पाहिजे. मास्तर बांधायला बसले. पहिली ओळ तर आपणहून आली, मांडीवर येऊन बसावी तशी. खालच्या सुरातून हळूच उठायची, मध्ये एक गिरकी घ्यायची आणि पुन्हा खाली येऊन टेकायची. अनवरीनं स्वयंपाकघरातून ऐकली आणि हातातली पळी तशीच धरून बाहेर आली. "ही तर आपली गुलू हाय की," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

पण दुसरी ओळ येईना.

मास्तर पहिली वाजवायचे, पुन्हा वाजवायचे, आणि वळणाच्या जागी आलं की बोटं आपली परत पहिलीवरच. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. शेजारच्या घरात मागावर बसणारी तेलुगू माणसं ती ओळ गुणगुणायला लागली. दूधवाला शिटीवर वाजवायला लागला. मांडव घालायचे दिवस आले तरी चाल अर्धीच. पहिल्यांदा मास्तरांनी स्वतःला समजावलं की सुचेल. मग त्यांना भीती वाटायला लागली. अर्ध्या चालीवर पोरीला धाडायचं म्हणजे भरल्या मांडवात बँडची अब्रू जायची, आणि पोरगी गाडीत ताटकळत बसायची. चन्नम्मापुढं झाली ती फजिती परवडली, ही आपल्याच दारात होणार होती.

तालमीला रावजीनं विचारलं, "मास्तर, म्होरलं कवा बसवायचं? समद्यास्नी ठावं पायजे की."

"आहे रे, आहे. आयत्या वेळी देतो."

"आयत्या येळंला?" रावजी बघतच राहिला. "तुमी? चार घटका आदी कोटाच्या गुंड्या लावून बसणारं माणूस तुमी!"

मास्तरांनी पान तोंडात कोंबलं, म्हणजे उत्तर द्यायला नको.

गुलनाज काही दूधखुळी नव्हती. हळदीच्या आदल्या दिवशी, दोन्ही हातांवर मेंदी ओली असताना, ती बापासमोर येऊन बसली. मास्तर तीच ओळ घोळवत होते.

"अब्बा, पुढचं सुचत नाहीये, की तुम्ही सुचू देत नाहीये?"

"जा गं, हात सुकव जा."

"रावजीकाका म्हणतात भाकरी करपायला लागली."

"रावजीला म्हणावं आपला ढोल सांभाळ."

ती हसली आणि उठताना आपलं डोकं बापाच्या खांद्यावर टेकवून गेली. ओली मेंदी सदऱ्याला लागू नये म्हणून दोन्ही हात लांब धरून. मास्तरांना तेव्हा कळलं की पोरीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. दुसरी ओळ सुचली तर ती वाजवावी लागेल. वाजवली तर चाक फिरेल. एवढं साधं होतं ते. त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि नळाखाली तोंड धुऊन आले, उगाच.

निकाह छान झाला. बिर्याणीला कुणी नावं ठेवली नाहीत, यातच काय ते समजा. ऊन उतरलं तशी रुखसतीची तयारी झाली. माढ्याला उजेड आहे तोवर पोचायचं, फरहानची आजी फार थकलेली, असं पाहुण्यांनी आधीच सांगितलं होतं. फुलांनी मढवलेली गाडी दारात लागली. अनवरीनं लेकीच्या डोक्यावर कुराण धरून तिला उंबऱ्याबाहेर आणलं. आणि शेरवानीवर लाल कोट चढवून मास्तर बँडपुढं उभे राहिले. कोटाची एक गुंडी चुकली होती. ती सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

पहिली ओळ सुरू झाली.

काय वाजवली त्यांनी! माढ्याची माणसं, ज्यांना गुलनाज अजून नीट ठाऊकही नव्हती, तीसुद्धा डोळे पुसायला लागली. दुसऱ्यांदा वाजली. गुलनाज आईच्या गळ्यात पडली, मावश्यांच्या पडली. पुन्हा वाजली. ती बापाजवळ आली, पण त्यांच्या ओठांत क्लॅरिनेट, मिठी मारणार कशी? तिनं नुसता त्यांच्या दंडाला हात लावला आणि गाडीत जाऊन बसली. दार लागलं. फरहान बसला, आजी आधीच बसली होती. ड्रायव्हर मान बाहेर काढून मास्तरांच्या डाव्या हाताकडं बघत होता.

डावा हात हलला नाही. ओळ पुन्हा फिरली.

आता तिच्यात सूर तेच होते, पण तिचं काहीतरी दुसरंच झालं होतं. आधी ती लाडाची होती, मग रडवी झाली, आता नुसती हट्ट धरून बसली होती. रावजी ढोल वाजवत मास्तरांच्या तोंडाकडं बघत होता. "मास्तर," तो हळूच म्हणाला. पुन्हा तीच ओळ. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. फरहानच्या आजीनं आतून विचारलं, "काय खोळंबा झाला?" अनवरी पुढं आली, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिचे पाय थांबले. मास्तरांचे डोळे गच्च मिटलेले. मिशीवरून पाणी ओघळत होतं, आणि बोटं त्याच त्याच भोकांवर पडत होती. आपण चुकतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण थांबता येईना आणि पालटताही येईना.

तेव्हा गाडीची काच खाली झाली. आतून बांगड्यांनी भरलेला, मेंदीनं लाल झालेला हात बाहेर आला. अख्ख्या बँडला दिसेल असा वर झाला, आणि पालथा झाला.

मास्तरांचे डोळे मिटलेले होते, त्यांना दिसलं नाही. रावजीला दिसलं. आयुष्यभर त्यानं मास्तरांच्या हाताशिवाय कुणाची खूण मानली नव्हती, ती एक हातगाडीवरची सोडून. त्यानं नाक वर ओढलं, टिपरू आवळलं आणि ठेका पालटला. ट्रम्पेटवाल्यानं पाहिलं, ताशेवाल्यानं पाहिलं. सगळा बँड उलटला.

मास्तर एकटे पडले. दचकून डोळे उघडले तर समोर तो हात, तसाच हवेत. रागवायला फुरसत कुठली? बँड पुढं निघाला होता, काहीतरी वाजवणं भाग होतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि पहिली ओळ जिथं खाली येऊन टेकायची, तिथं टेकू दिली नाही. तिथूनच वर नेली. वर, आणखी वर, अंगणाबाहेर, गल्लीबाहेर. इतके दिवस अडून बसलेली ओळ एका श्वासात बाहेर पडली आणि ती एवढी मोकळी होती की पोरांनी टाळ्या पिटल्या. ड्रायव्हरनं मान आत घेतली. चाक फिरलं. हात काचेबाहेर तसाच होता, आता बापाला निरोप देत. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मास्तर वाजवत होते. मग दम संपला आणि तिथंच, वरच्या सुरावर, ते थांबले.

रावजीनं जवळ येऊन त्यांच्या कोटाची चुकलेली गुंडी काढून नीट लावली.

"खूण मास्तरानंच द्यायची असते," मास्तर कसंबसं म्हणाले.

"व्हय," रावजी म्हणाला, "तिनंच दिली की."

मांडवातल्या खुर्च्या उचलणं चालू होतं तेवढ्यात अनवरीचा फोन वाजला. गाडी मोहोळच्या पुढं गेली होती. अनवरीनं बोलून फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"अब्बा," आवाज रडून बसलेला, पण त्यात तीच जुनी खोडी, "दुसरी ओळ लई भारी झाली. पण परत पहिलीवर आला नाहीत तुम्ही. चाल तशीच लोंबकळत सोडलीत."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मुद्दाम सोडली. तू आलीस की पुरी करीन."

लग्नानंतरच्या शुक्रवारी लेक-जावयाला माहेरी जेवायला बोलवायची आमच्याकडं रीत आहे, जुमागी म्हणतात तिला. त्या शुक्रवारी अनवरीनं सकाळपासून भट्टी पेटवली होती. मास्तर नमाज पढून आले आणि क्लॅरिनेट घेऊन दारातल्या स्टुलावर बसले. रावजी काही काम नसताना आला आणि पायरीवर टेकला. दुपारी रिक्षा गल्लीत वळली. आधी फरहान उतरला, मग गुलनाज, हातात माढ्याच्या पेढ्यांची जड पिशवी.

मास्तरांनी पहिली ओळ वाजवली. खालून हळूच उठली, मध्ये गिरकी घेतली आणि खाली येऊन टेकली. एकदाच.

"बास?" रावजीनं विचारलं.

"बास," मास्तर म्हणाले. क्लॅरिनेट त्यांनी स्टुलावर ठेवलं आणि लेकीच्या हातातली पिशवी घ्यायला पुढं गेले.